कोंबडीचे २१ दिवस, गिनीचे २८: वसाहत समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी खुराड्याचे दार लावून पुढे आले, तर फाटकाला आपली नोटीस अडकवलेली दिसली. परसात सहा कोंबड्या ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्यासोबतचे ‘टर्की व तत्सम जंगली पक्षी’ १५ दिवसांत अन्यत्र हलवावेत, असा तिचा मथितार्थ. माझ्याकडे टर्की नाहीत. माझ्याकडे पाच गिनी कोंबड्या आहेत, तीन माद्या आणि दोन नर, आणि त्या जंगलीही नाहीत. पण ते नंतर. नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात आपण लिहिले आहे की, एखादी कोंबडी अंड्यांवर बसलेली असल्यास ती बसल्यापासून २१ दिवसांची मुदत मिळेल. त्यानंतर पक्षी, पिल्ले किंवा अंडी जागेवर आढळली तर ती उचलून नेली जातील.

ही सवलत आपण चांगल्या मनाने दिली, यात मला शंका नाही. अडचण एवढीच की, खुडूक होऊन बसली आहे ती कोंबडी, पण तिच्या पोटाखालची अंडी गिनीची आहेत. कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत कवच फोडते. गिनीला २६ ते २८ दिवस लागतात. आज बारावा दिवस. चार दिवसांपूर्वी अंधारात विजेरीवर एकेक अंडे धरून पाहिले. चौदापैकी अकरा अंड्यांत लाल शिरांचे जाळे पसरले होते आणि मधला ठिपका हलत होता. आपली माणसे बाविसाव्या दिवशी येतील तेव्हा त्या ठिपक्याचे पिल्लू झालेले असेल, आणि बाहेर यायला त्याला चार-सहा दिवस कमी पडत असतील. खुडूक कोंबडीखालून काढलेले अंडे थंड पडले की संपले. मुदत लिहिण्याआधी एकाने जरी ‘अंडी कशाची?’ एवढे विचारले असते, तरी हे पत्र मी लिहिले नसते.

मी दोनदा कार्यालयात आले. पहिल्या वेळी अर्जावर आवक शिक्का बसला. दुसऱ्या वेळी सांगण्यात आले की नोंदवहीत ‘कोंबड्या’ आणि ‘इतर’ असे दोनच रकाने आहेत आणि ‘इतर’ला परवानगी नाही. ज्यांनी सांगितले ते सौजन्याने बोलले, त्यांची तक्रार नाही. पण रकान्याशी वाद घालता येत नाही, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. माझ्यासारखे आणखी काही जण असतील, आणि माझ्या पक्ष्यांना वैतागलेलेही असतील. त्यांनीही वाचावे.

आधी माझी बाजू पडती कुठे आहे ते सांगते.

कोंबड्या मी सहा वर्षे पाळते आहे, गिनी तीन. गिनी आणल्या तेव्हा मला त्यांच्याबद्दल एवढेच ठाऊक होते की त्या ठिपकेदार दिसतात आणि किडे खातात. पहिले वर्ष फार वाईट गेले, माझे आणि शेजाऱ्यांचेही. गिनी कोंबडी ओरडते. कोंबडी अंडे घातल्यावर पाच मिनिटे गावभर सांगते आणि गप्प बसते. गिनीला तेवढ्यावर भागत नाही. अनोळखी माणूस, नवी बादली, वाऱ्याने उडालेला कागद, आकाशात फार उंचावरून जाणारी घार, कशावरूनही एक सुरू होते आणि बाकीच्या तिला साथ देतात. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज. भिंतीपलीकडच्या काकूंचा मुलगा रात्रपाळी करतो आणि सकाळी सातला झोपतो. नेमके सातला मी खुराडे उघडत असे. काकूंनी चार महिने सहन केले, मग एक दिवस भिंतीवरून फक्त म्हणाल्या, “अगं, त्याचे डोळे बघ एकदा.” मी गेले आणि पाहिले.

त्यानंतर बरेच बदलले. खुराड्याला तीन बाजूंनी फळ्या ठोकल्या, म्हणजे रात्री मांजर फिरले तरी आतून दिसत नाही. गिनी रात्री एरवी गप्प असतात. काहीतरी दिसले वा हलले तरच पेटतात. त्यामुळे नोटिशीतले ‘अहोरात्र’ बरोबर नाही, पण ‘सकाळी’ लिहिले असते तर मान खाली घातली असती. आता मी दार साडेनऊला उघडते. फाटकाकडच्या बाजूला हिरवे कापड ताणले, कारण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या दृष्टीने चोर असतो. सगळ्यात मोठा फरक पडला तो माणसांची सवय लागल्याने. तिसऱ्या वर्षी काकू भिंतीवरून वाकल्या तरी त्या मान वर करून बघतात आणि चरायला लागतात. तरी शांतता झाली असे मी म्हणणार नाही. कमी झाले.

आणखी एक कबुली. गिनी उडतात, आणि कोंबडीसारख्या धडपडत नाहीत, चांगल्या उडतात. पहिल्या पावसाळ्यात एक जण समोरच्या घराच्या छपरावर बसून दोन तास बोंबलत होती आणि मी खाली दाणे वाजवत उभी होते. तेव्हापासून प्रत्येकीच्या एकाच पंखाची मोठी पिसे कापते. दोन्ही कापली तर तोल सांभाळून थोडे उडतात, एकच कापला की कलंडतात. पिसे झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. हे विसरले की छप्पर ठरलेले. एकदा विसरले होते.

म्हणजे गोंगाट आणि हद्द या दोन तक्रारी खऱ्या आहेत. कुणी मला विचारले की दोन इमारतींच्या मधल्या बोळात गिनी पाळू का, तर मी नको म्हणते, आणि समितीने लहान जागेत त्या ठेवायला मनाई केली तर त्या ठरावावर पहिली सही माझी असेल. माझा आक्षेप आपण जे नियम लावले त्यांवर आहे. ते सगळे कोंबडीचे मोजमाप घेऊन शिवलेले आहेत आणि गिनीच्या अंगावर उलटे बसतात.

पहिला नियम नरांचा. ‘आवाज कमी होण्यासाठी नर तात्काळ हटवावेत.’ कोंबड्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे; बांग कोंबडा देतो, आणि म्हणूनच माझ्याकडे कोंबडा नाही. गिनीत मात्र उलट आहे. दोन तुकड्यांत, दुसरा तुकडा वर चढवून मारलेली ती हाक, ‘ब-क्वीट, ब-क्वीट’, ही फक्त मादीची. नराला ती येतच नाही. तो एकसुरी ‘चि-चि-चि’ करतो. घाबरली की मादीही एकसुरी ओरडते, पण नर कधी दोन सुरांत ओरडत नाही. नर-मादी ओळखायची पाळणाऱ्यांची पक्की खूण हीच आहे, कारण दिसायला दोघे जवळपास सारखेच. नराच्या गालाखाली लोंबणारे लाल पाळे थोडे मोठे असतात इतकेच. तेव्हा नर नेले तर ज्या आवाजाबद्दल तक्रार आहे तो जागच्या जागी राहील. उलट वाढेल. गिनी जोडीने आणि थव्याने राहणारा पक्षी आहे. जोडीदार दिसेनासा झाला की मादी त्याला हाका मारत कुंपणाच्या कडेकडेने दिवसभर फिरते. गेल्या वर्षी एक नर पाय दुखावला म्हणून दोन दिवस घरात ठेवला होता. ते दोन दिवस काकूंच्या मुलाला विचारा.

दुसरा नियम: ‘सर्व पक्षी सर्व काळ बंदिस्त ठेवावेत.’ इथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण कोंबड्या आणि गिनी एकत्र सांभाळण्याची सगळी कसरत इथेच आहे.

कोंबड्यांची उतरंड ठरलेली असते. कुणी कुणाला टोचायचे हे एकदा ठरले की आठवडे शांततेत जातात. गिनीला ती उतरंड मान्य नसते. विशेषतः विणीच्या दिवसांत नर गिनी पाठीला कुबड काढून, पंख किंचित उचलून, बोटांवर पळत येतो आणि समोरच्या कोंबडीच्या शेपटीचे पीस उपटून नेतो. कारण नसते. कोंबडी पळाली की त्याला आणखी चेव चढतो. मोकळ्या परसात ती झुडपामागे जाते, तो विसरतो, विषय संपतो. जाळीच्या खोलीत तिला जायला कोपरा नसतो. तीच कोंबडी दिवसातून वीस वेळा टोचली जाते, दाण्यापाशी जायचे सोडते, अंडी द्यायची थांबते. पहिल्या वर्षी माझी एक तपकिरी कोंबडी अशीच पाठ उघडी पडून बसली. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्याही टोचायला लागतात, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

उपाय सापडले, पण ते सगळे जागेचे आहेत. दाण्याची भांडी दोन, तीही एकमेकांपासून लांब, म्हणजे एक नर दोन्ही राखू शकत नाही. बसायच्या दांड्या वेगवेगळ्या उंचीवर. गिनीला सर्वांत वरची हवी असते, ती त्यांना देऊन टाकली की भांडण मिटते. अंडी घालायच्या खोक्यांना पडदे. विणीच्या दिवसांत दोन तास मध्ये जाळी. आणि दिवसभर पाय मोकळे. चोवीस तास कोंडण्याचा आपला हुकूम मी पाळला तर ज्या सहा कोंबड्यांना आपण परवानगी दिली आहे त्याच पहिल्यांदा भरडल्या जातील.

रात्री मात्र सगळ्या आत, हे मी कटाक्षाने पाळते. गिनीची नैसर्गिक ओढ झाडाच्या फांदीकडे. अंधाऱ्या खुराड्यात शिरायला त्या तयार नसतात. म्हणून दिवेलागणीला आत एक मंद दिवा लावते, मूठभर बाजरी टाकते, सगळ्या आत आल्या की दिवा बंद. कोंबड्या पुढे, गिनी मागे. कोंबड्यांशिवाय हे जमले असते असे मला वाटत नाही. त्यांच्या मागोमागच गिनी घरी यायला शिकल्या.

आणि म्हणूनच ही चौदा अंडी मी कोंबडीखाली ठेवली. गिनी स्वतः आई म्हणून बेभरवशाची. ती अंडी गवतात लपवते, दोघीतिघी एकाच खड्ड्यात घालतात, बसली तर बसली. पिल्ले निघाली की दवाने भिजलेल्या गवतातून त्यांना घेऊन चालू लागते, आणि भिजलेले पिल्लू गारठून मागे राहते. कोंबडी तसे करत नाही. ती थांबते, पंखाखाली घेते, बोलावते. कोंबडीने वाढवलेली गिनी कमी बुजते आणि तिन्हीसांजेला घराकडे वळते. माझ्या तीन माद्यांपैकी एक अशी वाढलेली आहे आणि पाचांत सर्वांत कमी ओरडते ती तीच. एका पक्ष्यावरून सिद्धांत काढू नये, कबूल. पण वसाहतीला कमी त्रासाच्या गिनी हव्या असतील तर त्याची वाट त्या टोपलीतून जाते, जी आपण बाविसाव्या दिवशी उचलणार आहात.

रोगराईचा मुद्दा थोडक्यात. मानमोडी, पक्ष्यांची देवी, बर्ड फ्लू यांतला कुठलाही रोग गिनीपाशी सुरू होऊन कोंबडीपाशी थांबत नाही, की उलटही नाही. दोघींना होतात. गिनी काढून कोंबड्या ठेवल्याने वसाहत सुरक्षित होते, हे कशावरून ठरले? एका आजारात तर धोका उलट्या दिशेने आहे. यकृत आणि आंधळे आतडे पोखरणारा एक सूक्ष्म परजीवी कोंबडीच्या आतड्यातल्या कृमींच्या अंड्यांतून जमिनीत पसरतो. कोंबडीला स्वतःला त्याचे फारसे काही वाटत नाही, टर्की त्याने पटापट मरतात आणि गिनीलाही तो बाधतो. म्हणजे भ्यायचे तर माझ्या गिनींनी माझ्या कोंबड्यांना भ्यायला हवे. मी वेळच्या वेळी जंताचे औषध देते, तूस बदलते, उरलेले दाणे रात्री उचलते, कारण उंदीर पक्ष्यांमुळे येत नाहीत, रात्री पडून राहिलेल्या दाण्यांमुळे येतात. हा नियम आपण सगळ्यांना लावा. सहा कोंबड्यावाल्यांनाही.

आता ‘टर्की व तत्सम जंगली’. या गोंधळाचा राग मी धरत नाही, कारण तो फार जुना आहे. गिनी मूळची आफ्रिकेतली. ग्रीक आणि रोमन लोकही ती पाळत, आणि ग्रीक भाषेत तिला मेलेआग्रिस म्हणत. ग्रीक पुराणातला वीर मेलेआगर मेला तेव्हा रडून रडून त्याच्या बहिणींचे हे पक्षी झाले, पिसांवरचे पांढरे ठिपके म्हणजे त्यांचे अश्रू, अशी कथा आहे. पुढे अमेरिकेतून टर्की आली आणि युरोपात लोकांनी या दोन पक्ष्यांची गल्लत केली. १७५८ साली स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने टर्कीला शास्त्रीय नाव दिले तेव्हा ते मेलेआग्रिसच ठेवले. आजतागायत टर्की शास्त्राच्या वहीत गिनीचे नाव लावून फिरते आहे. तेव्हा समिती चुकली तर चांगल्या संगतीत चुकली. फक्त लिनियसच्या चुकीने कुणाची अंडी उचलून नेली नव्हती. माझी गिनी जेमतेम दीड किलोची आहे. टर्की तिच्या कितीतरी पट भरते. आणि जंगली म्हणाल तर ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर चोच आपटून दाणे मागते.

गिनीच्या बाजूने जे बोलले जाते तेही सगळे मी इथे मांडणार नाही. ‘गिनी असल्या की साप फिरकत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. साप दिसला तर त्या कालवा करतात आणि लहान असला तर घेरतात, हे खरे. पण न दिसलेल्या सापाची हमी कुणी देऊ नये. गोचिडींचेही तेच. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात गिनी चरणाऱ्या हिरवळीवर पूर्ण वाढलेल्या गोचिडी कमी सापडल्या. म्हणून त्या गोचिडीवरचा रामबाण इलाज आहेत असा दावा मी करत नाही. माझ्या परसापुरते एवढे सांगते की टोळ आणि गोगलगायी कमी झाल्या, आणि कोंबड्या वाफे उकरतात तेवढे गिनी उकरत नाहीत. भाजीच्या वाफ्यांचे नुकसान मी ज्यांच्यामुळे सोसते, त्यांना आपली परवानगी आहे.

शेवटी ‘अन्यत्र हलवावेत’. मोठी झालेली गिनी नव्या जागी नेऊन सोडली की ती राहत नाही. उडून जाते किंवा झाडावर बसते आणि रात्री मांजराच्या नाहीतर घुबडाच्या तोंडी जाते. नवी जागा घर वाटायला तिला साधारण सहा आठवडे आत ठेवावे लागते. एवढी तयारी असलेले माणूस १५ दिवसांत मिळत नाही. मी शोधले.

तर माझ्या मागण्या अशा:

१. उबवणीवरच्या अंड्यांना २१ ऐवजी ३० दिवस द्यावेत. पिल्ले निघाल्यावर अंगभर पिसे येईपर्यंत, म्हणजे आणखी सहा ते आठ आठवडे, त्यांना हलवू नये. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पोत्यात घालून नेण्याजोगी ती वस्तू नाही.

२. नर हटवण्याचा आणि चोवीस तास कोंडण्याचा, हे दोन्ही नियम गिनीसाठी मागे घ्यावेत.

३. पक्ष्याच्या नावावरून बंदी न घालता दर पक्ष्यामागे जागा, सकाळी दार उघडण्याची वेळ, कुंपण आणि स्वच्छता यांचे नियम लिहावेत आणि ते कोंबड्यांसह सगळ्यांना लावावेत. त्यात मी बसले नाही तर गिनी मी स्वतः हलवीन, फक्त तीन महिने द्यावेत.

४. नियम लिहिण्याआधी एका पशुवैद्यकाला, तक्रार करणाऱ्या एका शेजाऱ्याला आणि पक्षी पाळणाऱ्या एकाला समोर बसवावे. शेजारी म्हणून काकू यायला तयार आहेत. त्या माझ्या बाजूने बोलतील असे मी त्यांच्याकडून वदवून घेतलेले नाही, आणि त्या तशा बोलतीलच याची मला खात्रीही नाही.

हे होईपर्यंत नोटिशीची अंमलबजावणी थांबवावी.

आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहायला येणार असेल तर विसाव्या दिवसाच्या आत, संध्याकाळी दिवेलागणीच्या थोडे आधी यावे. फाटकातून आत आलात की त्या ओरडतील, आपण अनोळखी आहात. दहा मिनिटे बाकावर बसा, मग किती ओरडतात ते मोजा. नंतर त्या कोंबड्यांमागे आत जातील, तेव्हा आपणही मागून येऊ शकता. खुडूक कोंबडी डाव्या कोपऱ्यातल्या टोपलीत आहे. तिच्याजवळून जाताना सावकाश चाला. ती हात लावू देत नाही.

आपली,
वसाहतीतील एक रहिवासी
(घर क्रमांक आपल्या नोटिशीवर आहेच)